ताकसांडे सरांची क्लचप्लेट

हरिदास ताकसांडे यांनी आयटीआयमध्ये एकतीस वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला. एवढ्या वर्षांत गाडीचा क्लच फळ्यावर किती वेळा काढला, याची त्यांच्याकडे गणती नव्हती. डावीकडे इंजिन, उजवीकडे गिअरबॉक्स आणि मधे तीन रंगांच्या खडूंनी काढलेला क्लच. आकृती अशी देखणी उतरायची की तपासणीला आलेले साहेब तिचा फोटो काढून नेत. खऱ्या गाडीचा क्लच आपण किती वेळा उघडला, हे मात्र ते नेमकं सांगू शकले असते. चार वेळा. त्यातल्या दोन वेळा तो तसाच उघडा राहिला होता आणि पुढच्या बॅचनं बसवला होता. हाताचं काम त्यांचे जोडीदार महादेवराव बघायचे. वाटणीच तशी होती, एकानं बोलायचं आणि एकानं काळं व्हायचं.

निवृत्तीच्या दिवशी भाषणात कुणीतरी म्हणालं की ताकसांडे सरांना डोळे बांधून गाडी खोलायला दिली तरी ते खोलतील. सरांनी मान लववून हे कबूल करून टाकलं. घरी येताना त्यांना वाटलं, खोलेन की. बसवायचं कुठं कोण म्हणालं होतं.

तिथंच हे थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी गाडी घेतली.

गाडी विलायती होती. दोन सीटची, बुटकी, बिनछपराची, सरांच्या वयाच्या आसपासची. बनवणारी कंपनी कधीच मिटली होती. हिंगणघाटच्या एका कापूस जिनिंगच्या मालकानं ती हौसेनं आणली होती, आणि त्याच जिनमध्ये सरांचे वडील लहानूजी कापसाच्या गाठी बांधायचे. लहानपणी सर डबा द्यायला जात, तेव्हा गाडी शेडमध्ये उभी असे आणि लहानूजी फडक्यानं तिच्यावरचा कापसाचा फुफाटा झटकत असत. हात लावू नको, एवढंच ते मुलाला सांगत. पुढं जिन बंद पडला, मालक गेले, आणि त्यांचे धाकटे भाऊ सदाशिवराव ती गाडी कुणी नेतं का म्हणून विचारत फिरू लागले. सरांनी नेली. विचारणाऱ्याला ते सांगत, यंत्र म्हणून आवड आहे, अभ्यासाला बरी पडते. वडिलांचं नाव ते काढत नसत. साठीच्या माणसानं असलं काही सांगितलं तर लोक गंभीर होतात, आणि गंभीर झालेल्या लोकांपुढे त्या गाडीत बसणं आणखी अवघड गेलं असतं.

आधीच ते सोपं नव्हतं. एके काळचा तिचा लाल रंग उडून पेरूच्या गरासारखा झाला होता. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेतल्या त्यांच्या गल्लीत ती वळली की लोक फाटकाशी येत. सर उंच, गाडी बुटकी. आत बसले की त्यांचे गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंनी वर येत आणि डोकं काचेच्या वर जाई. त्यामुळं वारा, धूळ आणि माशी या तिन्हींचं स्वागत ते तोंडानंच करत. उज्वलाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, शेजारी बसताना डोक्याला ओढणी गुंडाळून घेत आणि ओळखीचं कुणी दिसलं की ती आणखी खाली ओढत.

मागल्या जानेवारीत दोघं गिरडला निघाले. तिथल्या दर्ग्याच्या टेकडीचा चढ लागेपर्यंत सगळं ठीक होतं. चढावर सरांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन जोरात गुरगुरलं, पण गाडी काही पुढं सरकेना. आणखी दाबला. आवाज वाढला, वेग उतरला. बाजूनं एक माणूस चार शेळ्या घेऊन चालला होता. तो पुढं गेला. मग शेळ्याही गेल्या.

"काहीतरी जळून राह्यलं," उज्वलाताई ओढणीतून म्हणाल्या.

"पुढं ट्रक गेला असंल."

"ट्रक कोठी आहे? पुढं शेळ्या हायेत."

वास सरांनाही आला होता. जळत्या क्लचचा हा वास ओळखायला त्यांनी दर वर्षी पोरांना शिकवलं होतं. पण पुस्तकातला वास आणि आपल्या गाडीचा वास एकच असू शकतो, हे त्यांच्या मनाला शिवलं नाही. गाडी तिथंच ठेवून दोघं चालत वर गेले. उतरल्यावर सरांनी निदान सांगितलं. पेट्रोलमध्ये भेसळ.

पुढचा महिना त्यांनी या निदानाच्या सेवेत घालवला. टाकीतलं पेट्रोल काढून नवं भरलं. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, बसवला, आणि एक लहानशी स्प्रिंग उरली म्हणून पुन्हा उघडला. प्लग बदलले. फिल्टर बदलला. महादेवरावांना फोन करून इंजिनातली ठिणगी नेमकी कधी पडावी यावर तासभर बोलले. महादेवराव फोनवर दोनदा म्हणाले, "सर, एकदा क्लच पाहून घ्या ना." सर दोन्ही वेळा म्हणाले की क्लच उत्तम आहे. कशावरून उत्तम, ते महादेवरावांनी विचारलं नाही आणि सरांनाही सांगता आलं नसतं. खरं कारण असं की क्लच हा त्यांचा विषय होता. आपल्याच विषयात आपली गाडी नापास व्हावी, हे त्यांना पटत नव्हतं.

एका सकाळी ते बोनेटमध्ये डोकं घालून उभे होते. उज्वलाताई स्वयंपाकघरात चटणी वाटत होत्या. मिक्सर नुसताच घरघरत होता. त्यांनी तो बंद केला, भांडं दाबून बसवलं, पुन्हा चालू केला आणि खिडकीतूनच म्हणाल्या,

"तुमच्या गाडीचं असंच तं नाई ना झालं? भांडं नीट बसलं नाई तं मोटर फिरते, चटणी होत नाई. तुमचं इंजिनबी वरडून राह्यलं. मंग त्याची ताकद जाते कोठी?"

सर बोनेटमधून बाहेर आले. त्यांना राग आला, आणि तो नेमका कशाचा ते त्यांना लगेच कळलं. एकतीस वर्षांत इतकं सोपं वाक्य त्यांना एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी तीन रंगांचे खडू वापरले होते.

"असं नसते ते," ते म्हणाले. आणि त्या आत गेल्यावर गाडीत जाऊन बसले.

तपासणी सोपी असते. हँडब्रेक ओढायचा, गाडी सगळ्यात वरच्या गिअरला टाकायची आणि क्लच सोडायचा. क्लच धड असेल तर इंजिन गचका देऊन जागीच बंद पडतं. चालूच राहिलं, तर इंजिन फिरतंय आणि क्लच घसरतोय. मिनिटभराचं काम. परीक्षेत हा प्रश्न ते हमखास घालत. सरांनी हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि हळूहळू पाय उचलला. इंजिन चालूच राहिलं. एखाद्या समाधानी माणसासारखं ते आपल्या तालात गुणगुणत राहिलं. समोरच्या फाटकाशी उभे असलेले शेजारी म्हणाले, "वा सर, एकदम मस्त आवाज आहे."

सरांनी मान हलवली आणि चावी फिरवून तो मस्त आवाज बंद केला.

आता गाडी खोलणं आलं. वर्ध्यातल्या दोघा मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि तिला हात लावायला नकार दिला. महादेवराव म्हणाले, "हिंगणघाटले मयुरी झाडे आहे. आपलीच विद्यार्थिनी. ट्रॅक्टर, जीप, काहीबी खोलते. तिच्याकडे न्या."

हे नाव ऐकून सर जरा अस्वस्थ झाले. मयुरी त्यांना चांगली आठवत होती, कारण त्या वर्षी वर्गात ती एकटी मुलगी होती. प्रवेशाच्या दिवशी अर्ज तपासायला सर बसले होते आणि त्यांनी तिला सांगितलं होतं, "बाळा, शिवणकाम घे. यात वजन उचला लागते." आवाजात माया होती, म्हणून तेव्हा ते त्यांना बरोबर वाटलं होतं. पुढं दोन वर्षं ती शेवटच्या बाकावर बसून लिहून घेत राहिली. सरांनी तिला कधी प्रश्न विचारला नाही, अवघड जाऊ नये म्हणून.

हिंगणघाटपर्यंत ते सायकलच्या वेगानं गेले. पायाचा दाब जरा वाढला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागच्या जागी रेंगाळायची. महामार्गावरून येणारे ट्रक हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. प्रत्येक वेळी सर हात वर करत, जणू आपणच त्यांना वाट दिली.

मयुरीचं गॅरेज नाक्याच्या अलीकडे होतं. पत्र्याची मोठी शेड, पुढं दोन ट्रॅक्टर. ती चाकाखालून बाहेर आली, हात पुसले आणि वाकून नमस्कार करू लागली. सरांनी तो अर्ध्यातच थांबवला.

"क्लच गेला का, सर?"

"तुले कसं समजलं?"

"वळताना आवाज ऐकला ना."

सरांनी महिन्याभराचा कार्ब्युरेटर गिळून टाकला.

तिनं गाडीभोवती एक फेरी मारली, आत डोकावली आणि खाली बसून पेडल पाहिले. "सर, ब्रेकचं रबर नवंच आहे, आन् क्लचचं गुळगुळीत झालं. पाय कोठी ठेवता तुम्ही?"

सरांनी वाकून पेडलकडे पाहिलं. पाय ते क्लचवरच ठेवत. गिअर बदलायचा असो वा नसो, डावा पाय पेडलवर टेकलेला असायचा, कारण गुडघा वर आल्यावर तो दुसरीकडे मावतच नव्हता. अशानं क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेट झिजून जाते. दर वर्षी पहिल्याच आठवड्यात ते पोरांना सांगत, क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणारा माणूस हा ड्रायव्हर नव्हे, तो प्रवासी.

"तिथंच," ते म्हणाले.

मयुरी हसली नाही. तिनं वहीत काहीतरी टिपलं, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

गाडी खोलायची रीत निराळी निघाली. इतर गाड्यांत गिअरबॉक्स खालून उतरतो, या गाडीत तो आतून निघतो. सीटा काढायच्या, त्यांच्या मधला फुगवटा उचलायचा, की गिअरबॉक्स माणसांच्या बसायच्या जागेतच उघडा पडतो. सरांना हे माहीत नव्हतं. मयुरीलाही नव्हतं, पण खाली वाकून पाच मिनिटं पाहिल्यावर तिला ते समजलं. सर तेवढा वेळ गाडीचा इतिहास सांगत होते.

दुपारपर्यंत दोन्ही सीटा शेडबाहेर निंबाखाली आल्या. त्यातल्या एकीवर सर बसले आणि दुसरीवर त्यांचा डबा. उचलायची वेळ आली तेव्हा मयुरीनं साखळीची कप्पी लावली आणि एकटीनं गिअरबॉक्स बाहेर घेतला. सर उठून मदतीला गेले, तोवर तो फळीवर टेकला होता.

मनातलं बोलून टाकावं असं त्यांना तेव्हा वाटलं. "मयुरी, मी तुले तेव्हा शिवणकामाचं म्हटलं होतं. चुकलंच माझं."

"हो ना सर. त्यामुळंच मी यात आली."

"म्हणजे?"

"घरी आईबी तेच म्हणे, शिवण घे. माह्या मनात अर्धं अर्धं होतं. मंग तुमीबी तेच म्हटलं, तं मले रागच आला. तिथंच फॉर्मवर खूण केली." तिनं फडकं खांद्यावर टाकलं. "तुमी काई बोलले नसते तं आज मी ब्लाउज शिवत असती."

सरांनी अनेक वर्षं मनात बाळगलेल्या चुकीचं असं उपकारात रूपांतर झालं. ते म्हणाले, "चहा सांगू काय?"

क्लचप्लेट बाहेर आली तेव्हा ती पातळ पापडासारखी झाली होती. दोन्ही अंगांचं अस्तर झिजून खालचे रिवेट उघडे पडले होते, आणि इंजिनच्या सीलमधून झिरपलेलं तेल कडेला चिकटून काळं झालं होतं. अशी नवी प्लेट देशात कुठं मिळेल हे कुणालाच माहीत नव्हतं. मयुरीनं हीच प्लेट जुन्या बाजारात कैलासकडे धाडली. कैलास ट्रॅक्टरच्या क्लचप्लेटांवर नवं अस्तर चढवतो. त्यानं मापाचं अस्तर कापलं, नवे रिवेट ठोकले आणि दोन दिवसांत प्लेट परत दिली. फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या टोकाचं जड चाक, त्यावर प्लेटनं चरे पाडले होते. एका जिनच्या वर्कशॉपमधल्या लेथवर ते घासून सपाट करून आणलं. सीलही बदललं.

तिसऱ्या दिवशी जोडणी. सकाळीच एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर रस्त्यात बंद पडल्याचा फोन आला आणि मयुरीला जावं लागलं. जाताना ती म्हणाली, "सर, मी येते तासाभरात. तवर बसा."

सरांनी बसायला हवं होतं. पण नवं अस्तर चढवलेली ती प्लेट समोर फळीवर होती, आणि तिच्यातलं सगळं त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी बाह्या दुमडल्या. ड्रायव्हरच्या बाजूनं गाडीत गुडघे टेकले, प्लेट फ्लायव्हीलवर धरली, मधे गॅरेजमधला एक जुना शाफ्ट घालून तिचा मध्य साधला आणि वरचं आवरण बोल्टांनी कसलं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, अगदी शिकवल्याप्रमाणे. मयुरी परतली तेव्हा ते हात पुसत होते.

"तुम्ही बसवली?"

"हो. घे पाहून."

"तुम्ही बसवली तं मी काय पाहू, सर."

तिनं कप्पीनं गिअरबॉक्स जागेवर नेला, सगळं जोडलं, सीटा आत घेतल्या. संध्याकाळचे चार वाजले. सरांनी चावी फिरवली, क्लच दाबला आणि पहिला गिअर टाकायला गेले. खर्र असा आवाज झाला. गिअर पडेना. पुन्हा खर्र. शेडसमोरच्या चहाच्या टपरीवरचे दोघे मागं वळून पाहू लागले.

मयुरीनं बोनेटवर हात ठेवून आवाज ऐकला. ती काही बोलायच्या आत सरांना उमगलं. क्लचप्लेटला दोन बाजू असतात. मधला फुगीर भाग गिअरबॉक्सकडे यायला हवा. तो फ्लायव्हीलकडे गेला तर क्लच सुटतच नाही. फळ्यावर त्यांचं इंजिन कायम डावीकडे असायचं, आणि फुगीर बाजू ते न बघता उजवीकडे काढत. आज ते ड्रायव्हरच्या बाजूनं आत वाकले होते आणि इंजिन त्यांच्या उजव्या हाताला होतं. हातांनी मात्र फुगीर बाजू नेहमीसारखी उजवीकडेच लावली होती. डावीकडच्या दारानं आत शिरले असते, तर ती बरोबर बसली असती. एकतीस वर्षांचं ज्ञान एका बाजूच्या दारापुरतंच होतं.

सील गळतंय, कैलासचं अस्तर जाड झालं, लेथवाल्यानं जास्त घासलं, अशी तीन कारणं त्यांच्या जिभेवर आली. मग टपरीवरच्या दोघांकडे त्यांची नजर गेली आणि त्यांना ती कारणं सांगायचाच कंटाळा आला.

"मयुरी, प्लेट उलटी लावली मी."

तिनं बोनेटवरचा हात काढला. "खरंच?"

"फुगीर बाजू इंजिनकडे गेली. पुन्हा खोला लागते सगळं."

"उद्या खोलू," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, आत हत्यारं ठेवता ठेवता, "मले वाटे, सर कधी चुकतच नाईत. वर्गात तुमाले काई विचारायची भीतीच वाटे."

"मलेबी भीती वाटे," सर म्हणाले. "कोणी विचारते का म्हणून."

या वेळी मात्र ती हसली. चांगली खळखळून हसली, आणि सरांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सीटा पुन्हा निंबाखाली गेल्या, गिअरबॉक्स पुन्हा कप्पीला लटकला. या वेळी प्लेट मयुरीनं बसवली आणि सरांनी बॅटरीचा उजेड धरला. मधेच तिनं विचारलं की आवरणाचे बोल्ट समोरासमोरच का कसायचे. ती कसत होती, पण कारण तिला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनी सांगितलं. एका बाजूनं दाब आला तर आवरण वाकडं होतं, मग प्लेट सारखी पकडत नाही आणि सुरू होताना गाडी थरथरते. दोन मिनिटांत सांगून झालं, खडूशिवाय. तिनं एकदाच मान हलवली आणि पुढचा बोल्ट घेतला.

गाडी दुपारी निघाली. गिअर लोण्यात सुरी जावी तसे पडत होते. सरांनी डावा पाय मुद्दाम सीटखाली ओढून घेतला होता. सेलू फाट्यापर्यंत त्या पायाला गोळा आला आणि गाडी बाजूला घेऊन पाय झटकावा लागला. घरी उज्वलाताईंनी विचारलं, झाली का एकदाची. सरांनी प्लेट उलटी लागल्याचं सांगितलं, शेळ्यांपासून सगळंच कबूल केलं आणि मिक्सरची उपमा बरोबर होती हेही. उज्वलाताई म्हणाल्या, हे तुम्ही त्या चढावरच म्हटलं असतं तर एक महिना वाचला असता.

हल्ली आठवड्यातून दोन दिवस सर हिंगणघाटला जातात. मयुरीनंच बोलावलं. गिऱ्हाइकाला प्लेट का जळली, सील का बदलायचं, हे समजावत बसायचा तिला वैताग येतो. काम करावं की बोलावं, असं ती म्हणते. म्हणून बोलायचं काम सरांकडे आलं. वाटणी जुनीच आहे. फरक इतकाच की आता ते काळी झालेली खरी प्लेट हातात घेऊन बोलतात आणि बोलायच्या आधी ती कोणत्या बाजूनं धरली आहे ते पाहतात. परवा समुद्रपूरकडचे एक शेतकरी, राकेशभाऊ, ट्रॅक्टर घेऊन आले होते. सरांनी त्यांना क्लच पहिल्यापासून समजावला. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की राकेशभाऊ खुर्चीतच झोपले आहेत, हात पोटावर, तोंड किंचित उघडं. सरांनी आवाज थोडा खाली आणला आणि उरलेलं पूर्ण केलं.